रोझलिन कार्टर: पद नसताना कायदा घडवणं, आणि तो कायदा गेल्यावर काय उरलं

प्रश्नाचा गाभा असा आहे: अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीला ना पगार असतो, ना अधिकार, मग रोझलिन कार्टर यांनी मानसिक आरोग्याचा कायदा 'आणला' असं जे लिहितात ते कितपत खरं? तो कायदा पुढच्याच वर्षी रद्द झाला असेल तर हाती काय राहिलं? आणि त्यांचा महाराष्ट्राशी काही संबंध होता का?

आधी नावाचं. मराठीत 'रोझालिन' किंवा 'रोसालिन' छापलं जातं, पण त्यांच्या घरचा उच्चार 'रोझलिन'.

जन्म १८ ऑगस्ट १९२७, जॉर्जिया राज्यातलं प्लेन्स हे छोटं गाव. त्या तेरा वर्षांच्या असताना वडील ल्युकेमियाने गेले. आईने शिवणकाम करून, पुढे टपाल कार्यालयात नोकरी करून घर चालवलं आणि थोरली मुलगी म्हणून धाकट्या भावंडांची जबाबदारी रोझलिनवर आली. १९४६ मध्ये, पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जिमी कार्टरशी लग्न झालं. १९५३ मध्ये सासरे वारल्यावर जिमी नौदल सोडून गावी परतले, तेव्हा शेंगदाण्याच्या धंद्याचे हिशेब रोझलिन बघू लागल्या. या तपशिलाकडे चरित्रलेखक बहुतेक वेळा कौतुकाने पाहतात आणि पुढे सरकतात. मला तो कळीचा वाटतो, कारण पुढे व्हाइट हाउसमध्येही त्यांची कामाची रीत हिशेबनिसाचीच राहिली: आकडे मागायचे, नोंदी ठेवायच्या, पाठपुरावा सोडायचा नाही.

मानसिक आरोग्याचा विषय त्यांना सल्लागारांनी सुचवलेला नव्हता. पतीच्या जॉर्जियाच्या गव्हर्नरपदाच्या (तिथे हे राज्याचं निवडून येणारं प्रमुखपद) प्रचारात त्या एकदा पहाटे कापड गिरणीच्या दारात उभ्या होत्या. रात्रपाळी संपवून आलेल्या एका बाईने सांगितलं की घरी मानसिक आजार असलेली मुलगी आहे. तिच्याजवळ कोणीतरी असावं म्हणून नवराबायको वेगवेगळ्या पाळ्या करतात. त्याच दिवशी रोझलिन पतीच्या सभेत लोकांच्या रांगेत उभ्या राहिल्या आणि आपली पाळी आल्यावर त्यांनी विचारलं, निवडून आलात तर अशा कुटुंबांसाठी काय करणार? १९७१ मध्ये जिमी गव्हर्नर झाले, राज्याने मानसिक आरोग्य सेवांसाठी आयोग नेमला आणि रोझलिन त्याच्या सदस्य झाल्या. अटलांटातल्या सरकारी मनोरुग्णालयात त्यांनी स्वयंसेवक म्हणूनही काम केलं. याच राज्यात मिलेजव्हिलचं अवाढव्य मनोरुग्णालय होतं. एकेकाळी तिथे बारा हजारांच्या घरात रुग्ण होते. माणसं कोंडून ठेवणाऱ्या व्यवस्थेऐवजी गावाजवळ उपचार मिळावेत, ही त्यांची पुढच्या पन्नास वर्षांची मागणी इथून सुरू होते.

आता अधिकाराचा मुद्दा. सर्वाधिक चुका इथे होतात.

१७ फेब्रुवारी १९७७ ला, म्हणजे शपथविधीनंतर महिन्याच्या आतच, राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी आदेश काढून मानसिक आरोग्यावर वीस जणांचा आयोग नेमला. रोझलिन त्याच्या अध्यक्ष होणार असं ठरत होतं, पण न्याय खात्याचा सल्ला आडवा आला. रॉबर्ट केनेडी आपले भाऊ राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्याच मंत्रिमंडळात ॲटर्नी जनरल (न्याय खात्याचे प्रमुख) झाले, त्या वादानंतर १९६७ मध्ये नातेवाइकांच्या नेमणुकीला बंदी करणारा कायदा झाला होता. तो पत्नीलाही लागू होतो, असं मत पडलं. म्हणून डॉ. थॉमस ब्रायंट हे अध्यक्ष झाले आणि रोझलिन 'मानद अध्यक्ष'. 'रोझलिन कार्टर आयोगाच्या अध्यक्ष होत्या' असं लिहिलंत तर ते चूक ठरेल.

मानद पद म्हणजे फोटोपुरतं, असाही समज करून घेऊ नका. व्हाइट हाउसच्या ईस्ट विंगमध्ये, म्हणजे पूर्वेकडच्या इमारतीत, स्वतःचं कार्यालय थाटून नेमाने बसणाऱ्या त्या पहिल्या राष्ट्राध्यक्षपत्नी. त्यांच्या प्रकल्पांची जबाबदारी असलेल्या कॅथी केड आयोगाच्या कामाशी रोजच्या रोज जोडलेल्या होत्या. मंत्रिमंडळाच्या बैठकींना रोझलिन मागे बसून टिपणं काढायच्या, आणि आठवड्यातून एक दुपारचं जेवण पतीबरोबर कामाच्या कागदांसह व्हायचं. खरी गंमत १९७८ च्या कायद्यात आहे. व्हाइट हाउसच्या नोकरवर्गासंबंधीच्या त्या कायद्याने पहिल्यांदा स्पष्ट म्हटलं की राष्ट्राध्यक्षांची पत्नी किंवा पती त्यांच्या कर्तव्यात मदत करत असेल, तर तिला सरकारी कर्मचारी देता येतील. पगार नाही, पद नाही, पण माणसं आणि कचेरी कायदेशीर. त्यांच्यानंतर आलेल्या प्रत्येक फर्स्ट लेडीचं काम या एका कलमावर उभं आहे.

आयोगाने कसं काम केलं ते समजून घ्या, कारण 'आवाज उठवला' या शब्दांत ते मावत नाही. शिकागो, फिलाडेल्फिया, नॅशव्हिल आणि टुसॉन इथे जाहीर सुनावण्या झाल्या. तिथे डॉक्टरांइतकाच वेळ रुग्ण आणि नातेवाइकांना मिळाला. वृद्ध, मुलं, ग्रामीण भाग, अल्पसंख्याक, विमा, संशोधन असे विषय वाटून शेकडो तज्ज्ञांनी विनामोबदला गटांत काम केलं. एप्रिल १९७८ मध्ये शंभराहून अधिक शिफारशींचा अहवाल आला. त्यावर विधेयक बेतलं गेलं. ७ फेब्रुवारी १९७९ ला रोझलिन सिनेटच्या आरोग्य उपसमितीपुढे साक्षीला बसल्या. एलिनॉर रूझवेल्ट यांच्यानंतर काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, समितीपुढे साक्ष देणाऱ्या त्या दुसऱ्या राष्ट्राध्यक्षपत्नी. उपसमितीचे अध्यक्ष होते एडवर्ड केनेडी, जे वर्षभरात जिमी कार्टर यांच्याविरुद्ध पक्षाच्या उमेदवारीसाठी उभे राहिले. पक्षातल्या या भांडणातूनही विधेयक तगलं, यात रोझलिन यांच्या चिकाटीचा वाटा मोठा आहे असं मी मानतो.

७ ऑक्टोबर १९८० ला व्हर्जिनियातल्या एका सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्रात 'मेंटल हेल्थ सिस्टिम्स ॲक्ट'वर सही झाली. आणि इथेच सगळं बिनसलं.

मागचा संदर्भ थोडक्यात. १९५५ मध्ये अमेरिकेच्या सरकारी मनोरुग्णालयांत सुमारे साडेपाच लाख माणसं होती. १९८० पर्यंत हा आकडा दीड लाखाच्या खाली आला. माणसं बाहेर आली, पण बाहेर त्यांच्यासाठी काय होतं? १९६३ च्या कायद्याने देशभर सामुदायिक केंद्रं उभारायची ठरवली होती, प्रत्यक्षात निम्मीच उभी राहिली. शिवाय केंद्र सरकारचं अनुदान दरवर्षी उतरत जाणारं होतं. अनुदान उतरलं की केंद्रं विम्याचे पैसे भरू शकणाऱ्या, हलक्या तक्रारींच्या रुग्णांकडे वळायची, आणि रुग्णालयातून सुटलेला गंभीर आजाराचा माणूस फुटपाथवर यायचा. १९८० चा कायदा नेमका हा खड्डा बुजवायला होता: जुनाट गंभीर आजार असलेले, वृद्ध, मुलं यांच्यासाठी वेगळी अनुदानं.

पण अमेरिकेत कायदा होणं आणि पैसा मिळणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. कायदा खर्चाला परवानगी देतो; तरतूद दरवर्षी वेगळी करावी लागते. सही झाली ऑक्टोबरात, नोव्हेंबरात कार्टर निवडणूक हरले. १३ ऑगस्ट १९८१ ला राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी सही केलेल्या अंदाजपत्रकी कायद्याने १९८० च्या कायद्याचा बहुतेक भाग रद्द केला. वेगवेगळी अनुदानं एकत्र करून राज्यांना एकगठ्ठा रक्कम द्यायची, तीही कमी करून, अशी रचना आली. कोणावर खर्च करायचा ही अट सैल झाली की ज्यांचा आवाज लहान त्यांचा वाटा आधी कापला जातो. म्हणून 'रेगन यांनी विधेयक नाकारलं' हेही चूक आणि 'कार्टरांचा कायदा अयशस्वी ठरला' हेही. तो राबवलाच गेला नाही.

सगळं मात्र पुसलं गेलं नाही. रुग्णांच्या हक्कांची सनद असलेला भाग टिकला. तो सल्लावजा होता, पण १९८६ मध्ये मानसिक रुग्णांच्या संरक्षणासाठी प्रत्येक राज्यात यंत्रणा उभी करणारा कायदा झाला, तो त्याच वाटेवरचा पुढचा टप्पा. आयोगाच्या कामातून जुनाट रुग्णांसाठी जो राष्ट्रीय आराखडा निघाला, त्यातल्या सूचना ऐंशीच्या दशकात अपंगत्व भत्ता आणि गरिबांच्या आरोग्य योजनेत हळूहळू शिरल्या. याला मथळे मिळाले नाहीत, पण घरभाडं आणि औषधं यांतून सुटली.

१९८१ नंतर रोझलिन यांच्याकडे ईस्ट विंग उरली नव्हती. तरीही माझ्या मते त्यांचं अधिक टिकाऊ काम यानंतरचं आहे, कारण आता ते कुठल्याही निवडणुकीवर अवलंबून नव्हतं. १९८२ मध्ये अटलांटात कार्टर सेंटर ही कार्टर दांपत्याची सेवाभावी संस्था सुरू झाली. १९८५ पासून त्यांनी मानसिक आरोग्य धोरणावर दरवर्षी परिषद भरवली. एकमेकांशी न बोलणाऱ्या संघटना, म्हणजे मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, रुग्णांचे नातेवाईक, खुद्द रुग्ण, यांना एका टेबलाशी बसवणं हा तिचा उद्देश. प्रत्येक गट खासदारांकडे वेगळी मागणी घेऊन गेला की खासदार काहीच करत नाहीत, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं.

१९९६ मध्ये पत्रकारांसाठी पाठ्यवृत्ती सुरू झाली: वर्षभर, नोकरी न सोडता, मानसिक आरोग्याचा एक विषय खोलवर अभ्यासायचा. याचं मूळही जुनं आहे. १९७७ मध्ये पत्रकारांना त्यांच्या आयोगापेक्षा, शपथविधीच्या समारंभात त्यांनी पती गव्हर्नर झाले तेव्हाचा, १९७१ चाच निळा गाऊन पुन्हा का घातला आणि व्हाइट हाउसमध्ये कडक मद्य का देत नाहीत, यात जास्त रस होता. त्यावर तक्रार करत बसण्यापेक्षा लिहिणारी माणसं तयार करायची, हा मार्ग त्यांनी धरला.

१९८७ मध्ये त्यांच्या जुन्या कॉलेजात आजारी माणसाची घरी शुश्रूषा करणाऱ्यांसाठी संस्था सुरू झाली. जगात चारच प्रकारची माणसं असतात, असं त्या एका सहकाऱ्याचं म्हणणं सांगत: ज्यांनी कधी कुणाची काळजी घेतली आहे, जे आता घेत आहेत, जे पुढे घेतील आणि ज्यांना काळजीची गरज पडेल. गिरणीच्या दारातली ती बाई या दुसऱ्या प्रकारातली. यादवी युद्धातून बाहेर पडलेल्या लायबेरियात, जिथे अख्ख्या देशात एकच मनोविकारतज्ज्ञ होता, २०१० पासून कार्टर सेंटरने तिथल्या आरोग्य खात्याबरोबर शंभराहून जास्त परिचारिका आणि वैद्यकीय सहायकांना मानसिक उपचारांचं प्रशिक्षण दिलं.

विम्यातल्या समानतेचा भाग नीट वाचा, तो आपल्याकडेही लागू आहे. १९९६ च्या कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारासाठी कमी रकमेची मर्यादा घालायला मनाई केली. कंपन्यांनी पळवाट काढली: रकमेऐवजी वर्षाच्या भेटी आणि रुग्णालयातले दिवस मोजायला सुरुवात केली, रुग्णाने भरायचा हिस्सा वाढवला. जुलै २००७ मध्ये रोझलिन, वय ७९, पुन्हा काँग्रेसच्या उपसमितीपुढे साक्षीला आल्या. ३ ऑक्टोबर २००८ ला समानतेचा नवा कायदा झाला, तोही बँकांना वाचवणाऱ्या त्या वेळच्या प्रचंड विधेयकाला जोडून. भेटी, दिवस आणि हिस्सा यांवरचा भेदभाव त्याने बंद केला. त्याची मर्यादाही लक्षात ठेवा: मानसिक उपचारांचा विमा द्याच, अशी सक्ती त्यात नव्हती, दिलात तर बरोबरीने द्या, एवढंच. नियम पक्के व्हायला आणखी पाच वर्षं लागली. नोव्हेंबर २०१३ मध्ये त्यांची घोषणा झाली ती रोझलिन यांच्याच वार्षिक परिषदेत. भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम २१(४) विमा कंपन्यांना शारीरिक आजाराच्या बरोबरीने मानसिक आजाराच्या उपचारांची सोय करायला सांगतं. तुमच्या पॉलिसीत बाह्यरुग्ण सल्ल्याचा खर्च आहे की फक्त दाखल झाल्यावरचा, हे पाहून घ्या. समुपदेशन आणि औषधांचा बहुतेक खर्च दाखल न होताच होत असतो.

मे २०२३ मध्ये कुटुंबाने जाहीर केलं की रोझलिन यांना स्मृतिभ्रंश झाला आहे. आजार लपवू नका असं त्या आयुष्यभर सांगत आल्या होत्या, आणि कार्टर सेंटरच्या निवेदनातही हाच मुद्दा होता. १९ नोव्हेंबर २०२३ ला, ९६ व्या वर्षी, प्लेन्समधल्या घरीच त्यांचं निधन झालं.

महाराष्ट्राचा संबंध आहे, आणि तो दोन ठिकाणी. त्यांच्या सासूबाई लिलियन कार्टर या परिचारिका. साठी उलटल्यावर पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या परदेश-सेवा योजनेच्या स्वयंसेवक म्हणून १९६६ ते १९६८ त्या विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत राहिल्या आणि तिथल्या दवाखान्यात काम केलं. जानेवारी १९७८ मध्ये रोझलिन पतीबरोबर भारतात आल्या तेव्हा हरियाणातल्या दौलतपूर नसीराबादला भेट झाली, त्या गावाला पुढे 'कार्टरपुरी' म्हणू लागले. ते नाव सर्वांना ठाऊक असतं. विक्रोळीइतकंच दुर्लक्षित राहिलेलं दुसरं ठिकाण म्हणजे लोणावळ्याजवळचं पाटण. २००६ मध्ये गरिबांसाठी घरं बांधणाऱ्या 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी' या संस्थेच्या उपक्रमात तिथे शंभर घरं उभारली गेली. तेव्हा ऐंशीकडे झुकलेल्या रोझलिन पतीबरोबर बांधकामावर हजर होत्या.