फायनल फँटसी १० सुरू करतोयस? मग हे ऐक

२००१ चा गेम आहे, पण आजही जीव लावतो. लढाईत उजवीकडे पुढची पाळी कोणाची ते दिसतं. आधी ते बघ, मगच बटण दाब. उडणारा शत्रू आला की तुझ्या गटातल्या वाक्काला आण, त्याचा चेंडू बरोबर लागतो. कवचवाल्याला ऑरनची तलवार, लिबलिबीत फ्लॅनला लुलूची जादू. गडी बदलायला पाळी खर्च होत नाही, मग हात आखडता कशाला? मात्र एक तरी चाल केली तरच त्याला एपी, म्हणजे ताकद वाढवायचे गुण, मिळतात, म्हणून युनाला नुसतं बसवून ठेवू नकोस. साधा बचाव का होईना, करू दे. गागाझेट डोंगरावर सीमोर हा तगडा शत्रू आडवा येतो तेव्हा ही मेहनत कामाला येते. आणि संवाद एकही सोडू नकोस रे, ऑरन इतका गप्प का असतो ते त्यातूनच उलगडतं.