असंघनित की असंघननीय?

प्रश्न असा आहे : वाफेच्या संघनकावरच्या (थंड नळ्यांवर वाफेचं पाणी करणाऱ्या, म्हणजे संघनन करणाऱ्या यंत्रावरच्या) मजकुरात ‘नॉन-कंडेन्सेबल गॅसेस’साठी ‘असंघनित वायू’ असं लिहिलंय, ते चालेल का?

माझ्या मते नाही. ‘अपरिवर्तित’ आणि ‘अपरिवर्तनीय’ हे शब्द शेजारी ठेवून बघा. पहिला म्हणजे न बदललेलं, दुसरा म्हणजे बदलताच न येणारं. तसंच असंघनित म्हणजे ज्याचं संघनन अजून झालेलं नाही ते. नळीपर्यंत अजून न पोचलेली वाफही असंघनितच की! ती पुढच्या क्षणी पाणी होणार आहे. आपल्याला म्हणायचंय ते हवेबद्दल, जी तिथे कितीही थांबली तरी पाणी होणार नाही.

आणि सगळा त्रास त्या थांबण्याचाच असतो. वाफ थंड नळीकडे सरकते तेव्हा हवेलाही सोबत नेते. वाफ पाणी होऊन ओघळते, हवा मात्र नळीभोवती साचत जाते. मागून येणाऱ्या वाफेला त्या थरातून वाट काढावी लागते. समजा, एकूण दाब 1 वातावरण आहे आणि नळीलगत त्यातला 30 टक्के हवेचा आहे. मग वाफेच्या वाट्याला 0.7 उरतो, आणि ती 100 ऐवजी सुमारे 90 अंश सेल्सिअसला पाणी होते. नळीचा पृष्ठभाग 80 अंशांवर असेल, तर 20 अंशांचा फरक 10 वर आला. संथ वाफेत वजनाने अर्धा टक्का हवा असली, तरी उष्णतेचं वहन निम्म्यावर येऊ शकतं. म्हणून तर ऑटोक्लेव्हमधली (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातली) हवा आधी घालवतात. ती राहिली तर दाब पुरेसा दिसतो, पण आत निर्जंतुकीकरणाला हवे असलेले 121 अंश झालेले नसतात.

तेव्हा ‘असंघननीय वायू’ लिहावं. हा शब्दही त्या यंत्रातल्या तापमान-दाबापुरताच खरा, कारण हवासुद्धा उणे 194 अंशांच्या आसपास द्रवरूप होते. एकेकाळी ऑक्सिजनला ‘स्थायी वायू’, म्हणजे कधीच द्रव न होणारा वायू, म्हणत. 1877 मध्ये त्याचंही द्रवीकरण झालं.

‘अद्राव्य वायू’ असंही कुणी सुचवेल. तो शब्द आधीच ‘न विरघळणारा’ या अर्थाने रुळलाय, त्यामुळे तो नको. ‘असंघननीय’ जड वाटत असेल, तर पहिल्या उल्लेखात ‘संघनन न होणारे वायू, उदाहरणार्थ हवा’ असं सरळ लिहावं.