ऑफिसला जायला 15 हजारांत आरामदायी सायकल कोणती घ्यावी?

तुमच्या प्रश्नावरून एवढं कळलं: पुण्यात कोथरूड डेपो ते शिवाजीनगर, एका बाजूचे साधारण सात किलोमीटर, पाठीवर लॅपटॉप, बजेट 15 हजार, आणि दुकानदार डबल शॉकअपची, 21 गिअरची, जाड टायरवाली सायकल गळ्यात मारू पाहतोय. ती घेऊ नका. डोंगरात उड्या मारायच्या असतील तर गोष्ट वेगळी, पण ती मजा या किमतीच्या सायकलवर करूही नये.

तुम्हाला हवी ती साधी हायब्रिड (शहरातल्या डांबरी रस्त्यांसाठीची हलकी, मोठ्या चाकांची) किंवा सिटी सायकल. पुढचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा दुपाखी दांडा, कडक; शॉकअप नाही. या किमतीतले शॉकअप म्हणजे एक-दीड किलोचं ओझं. चढावर उभं राहून पायडल मारलं की काही जोर स्प्रिंग दाबण्यातच जातो. खड्ड्यांचं काय, असं विचाराल. त्याला उत्तर टायर. 700 बाय 35 ते 40 चा टायर (दुसरा आकडा म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी) घ्या आणि हवा बेताची भरा. टायरच्या कडेला हवेच्या दाबाचा (पीएसआयमध्ये) किमान-कमाल आकडा छापलेला असतो. माझं वजन 75 किलो, टायर 38 चा, त्यात मी 55 पीएसआय ठेवतो, कर्वे रस्त्यावर हाडं खिळखिळी होत नाहीत. व्हॉल्व्ह मोटारसायकलसारखा आहे ना, हेही बघून घ्या, म्हणजे पेट्रोल पंपावर हवा भरता येते.

आता गिअर. सकाळी डेक्कनकडे उतार, सायकल आपोआप पळते. संध्याकाळी दमून परत निघालात की नळस्टॉपपासून पुढे चढ लागतो, दिसत नाही पण मांड्यांना बरोबर कळतो. म्हणून बिनगिअरची नको. पण 21 ही नकोत. पुढे एकच चकती आणि मागे सात पुरेत. समजा पुढे 42 दात आणि मागे 14 ते 28. सर्वांत जड गिअरला पायडलच्या एका फेऱ्यात चाक तीनदा फिरतं, म्हणजे सायकल साडेसहा मीटर जाते. सर्वांत हलक्याला दीडदा, सव्वातीन मीटर. या रस्त्याला याहून जास्त लागत नाही. पुढच्या तीन चकत्यांमुळे होणारे बरेच गिअर एकमेकांसारखेच असतात, आणि स्वस्त सायकलीत सेटिंग पहिल्यांदा बिघडतं ते पुढच्याच डिरेलरचं, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागाचं. (उद्या ऑफिस हिंजवडीला हललं आणि चांदणी चौक चढायची वेळ आली, तर पुन्हा विचारा.)

ब्रेक व्ही-ब्रेकच घ्या, म्हणजे चाकाच्या रिमला दोन्ही बाजूंनी रबर दाबणारे. स्वस्त डिस्क ब्रेकची चकती घासते, किंचाळते. व्ही-ब्रेकचे रबर कुठल्याही सायकलवाल्याकडे मिळतात आणि घरी बदलता येतात.

कंपनीपेक्षा मापाकडे जास्त लक्ष द्या. सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर टेकवा, गुडघा सरळ व्हायला हवा. आपल्याकडे दोन्ही पाय जमिनीला टेकतील एवढी सीट खाली करून देतात आणि मग महिन्याभरात गुडघे दुखतात म्हणून सायकल बाल्कनीत जाते. सिग्नलला सीटवरून पुढे उतरून उभं राहायचं असतं. हँडल सीटच्या बरोबरीने किंवा किंचित वर असेल तर कंबर आणि मनगटं सुखी राहतात. फार मऊ, रुंद सीटच्या मोहात पडू नका, अर्ध्या तासाने तीच काचते.

15 हजार सगळेच सायकलवर उडवू नका. अकरा-बारात सायकल बसवा, उरलेल्यात दोन्ही मडगार्ड, कॅरिअर, पुढचा-मागचा दिवा, हेल्मेट आणि चांगलं कुलूप. मडगार्ड नसेल तर जुलैमध्ये पाठीवर चिखलाचा पट्टा घेऊन मीटिंगला बसाल. लॅपटॉप कॅरिअरच्या बॅगेत जाऊ द्या, पाठ घामाने भिजत नाही. सप्टेंबर 2025 मध्ये सायकलवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला आहे, बिल करताना तेवढं पाहा.

अजून एक, खरं तर मी आधी हेच करीन. 2020 च्या लॉकडाऊननंतर हौसेने घेतलेल्या कितीतरी हायब्रिड सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये धूळ खात उभ्या आहेत. तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज टाकून बघा. फ्रेम सरळ असेल, चाक आऊट (वाकडं) नसेल, तर टायर-ट्यूब, केबल आणि चेन नवीन टाकली की काम झालं. फक्त फ्रेमचं माप तुमचंच हवं; मोठी फ्रेम सीट खाली करून जमवता येत नाही.