सोनं विकताना तीन आकडे वेगवेगळे मागा: वजन, कस आणि दर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुटलेली साखळी, तीन अंगठ्या (त्यांतली एक आजीची, लाल खड्याची), जोडातलं एकच उरलेलं कानातलं आणि एक पोकळ कडं घरात पडून आहे. रोख रकमेची गरज आहे. दुकानदाराने सगळं एकत्र काट्यावर टाकलं, एकच रक्कम सांगितली आणि हा भाव संध्याकाळपर्यंतच मिळेल म्हणाला. देऊन टाकावं का?

आज देऊ नका. रक्कम कमी आहे की बरोबर, हे मला इथून सांगता येणार नाही, आणि तुम्हालाही तिथे उभं राहून कळलं नसतं. वजन, कस (म्हणजे सोन्याची शुद्धता) आणि दर हे तीन वेगळे आकडे मिसळून त्याने एक आकडा हातात दिला. ते तीन सुटे झाल्याशिवाय सौदा करूच नये, असं माझं ठाम मत आहे.

हे मी अनुभवाने शिकले. अनेक वर्षांपूर्वी मी 22 कॅरटची साखळी आणि 14 कॅरटचा ब्रोच एकाच दुकानात विकले (24 कॅरट म्हणजे शुद्ध सोनं). दोन्ही दहा-दहा ग्रॅमच्या आसपास होते. त्याने दोन्ही एकत्र तोलले, ब्रोच दगडावर घासला आणि सगळ्यालाच 14 कॅरटचा भाव लावला. घरी येऊन कागदावर मांडलं तेव्हा डोळे उघडले. साखळीत शुद्ध सोनं 9.17 ग्रॅम, ब्रोचमध्ये 5.85, म्हणजे एकूण 15 ग्रॅम. मला पैसे मिळाले 11.7 ग्रॅमचे. सव्वातीन ग्रॅम सोनं मी तिथेच सोडून आले होते. म्हणून घरीच वेगवेगळ्या कसाचे दागिने वेगवेगळ्या पुड्यांत बांधा आणि प्रत्येक पुडीवर वजन लिहा. दुकानात एका वेळी एकच पुडी उघडा.

पुडी करायची तर आधी कस कळायला हवा. भिंग घेऊन अंगठीची आतली बाजू, साखळीची कडी, कानातल्याची दांडी तपासा, तिथे कसाच्या आकड्याचा ठसा असतो. 916 म्हणजे 22 कॅरट, 750 म्हणजे 18, 585 म्हणजे 14, 417 म्हणजे 10 आणि 375 म्हणजे 9. हा आकडा हजारातले किती भाग सोनं ते सांगतो. (14 भागिले 24 केलं तर 583 येतात, पण ठसा 585 चाच असतो, तेव्हा त्यावरून शंका घेऊ नका.) सोनेरी वस्तूवर 925 दिसला तर ती चांदी आहे, वर सोन्याचा मुलामा. इंग्रजीत जीपी, जीएफ किंवा एचजीई अशी अक्षरं असतील तर तोही पातळ थरच. कॅरट हा शब्द खड्यांनाही लावतात, पण तिथे ते वजन असतं, 1 कॅरट म्हणजे 0.2 ग्रॅम. दुकानदार बोलताना कोणता कॅरट म्हणतो आहे ते लगेच विचारा.

ठसा नसला किंवा झिजला असला तर पाण्यातल्या वजनाची परीक्षा करा. मला ती फार आवडते, कारण ती दागिन्याला ओरखडाही काढत नाही. ग्रॅमचे शंभरावे भाग दाखवणारा काटा हवा. आधी दागिना कोरडा तोला. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. दागिना बारीक दोऱ्याने पाण्यात सोडा. तो पूर्ण बुडाला पाहिजे, पण तळाला किंवा कडेला टेकता कामा नये. काट्यावर जेवढे ग्रॅम वाढतील तेवढे घन सेंटिमीटर त्याचं आकारमान. कोरड्या वजनाला त्याने भागा. 9.3 ग्रॅमची अंगठी बुडवल्यावर काटा 0.6 दाखवत असेल तर घनता 15.5, म्हणजे 18 कॅरटच्या जवळ. शुद्ध सोन्याची घनता 19.3, 22 कॅरटची पावणेअठराच्या आसपास, 14 कॅरटची 13 ते साडेतेरा. चांदी 10.5 आणि पितळ साडेआठच्या आसपास. सोन्यात तांबं जास्त की चांदी जास्त यावर आकडा थोडा हलतो, त्यामुळे दशांशावरून भांडू नका. बुडबुडा चिकटला तर आकारमान फुगतं आणि घनता खोटीच कमी दिसते, म्हणून दागिना पाण्यात हलवून बुडबुडे सुटू द्या. खडे बसवलेल्या किंवा पोकळ वस्तूला ही परीक्षा चालत नाही. चुंबकावर तर मुळीच विसंबू नका. पितळ, तांबं, चांदी यांपैकी काहीच त्याला चिकटत नाही.

दुकानात कस दोन प्रकारे पाहतात. एक, काळ्या कसोटीवर रेघ ओढून तिच्यावर आम्ल सोडणं. दुसरी, क्ष-किरणांचं यंत्र. ते काही सेकंदांत टक्के दाखवतं, पण त्याला वरचा अगदी पातळ थरच दिसतो. जाड मुलामा असला तर यंत्र फसतं, म्हणून दुकानदार कानशीने बारीक खाच पाडायची परवानगी मागतो. विकायचंच ठरलं असेल तर द्या, त्यात लबाडी नाही. साखळीत सांधे फार असतात आणि ते जोडणाऱ्या डाकाचा कस बऱ्याचदा अंगापेक्षा कमी असतो. त्यामुळे 916 चा ठसा असलेली जुनी साखळी आटवल्यावर त्याहून कमी भरली, तर तो खोटं बोलतोय असं लगेच धरू नका. कड्यात लाख किंवा मेण भरलेलं असू शकतं. तीही आटणीत जळून जाते आणि वजनातली ती घट खरी असते.

आटवायला मात्र सहज होकार देऊ नका. आटवलेल्याचा दागिना परत होत नाही. आधी कस किती टक्के धरणार, किती दराने देणार आणि मला पटलं नाही तर गोळा परत मिळेल का, हे ठरवून घ्या. आटणी तुमच्या डोळ्यांसमोर झाली पाहिजे. आधीचं आणि नंतरचं वजन लिहून घ्या.

आता दर. जागतिक बाजारात भाव औंसाचा बोलतात आणि तो औंस 31.1035 ग्रॅमचा असतो, इतर वस्तूंचा 28.35 ग्रॅमचा नव्हे. काही देशांत दुकानदार पेनीवेटमध्ये तोलतात. एक पेनीवेट 1.555 ग्रॅमचं. वजन पेनीवेटमध्ये आणि भाव ग्रॅमचा, असं झालं तर तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पैसे बुडतात. त्या दिवसाचा शुद्ध सोन्याचा ग्रॅमचा दर काढा, त्याला वजनाने आणि कसाने गुणा. ही झाली धातूची पूर्ण किंमत. एवढी कोणीच देणार नाही. शुद्ध करण्याचा खर्च, भाव उतरण्याची जोखीम आणि स्वतःचा नफा तो यातून काढतो, आणि ते रास्त आहे. तुम्ही एकच विचारा: या किमतीचे किती टक्के देणार? हाच प्रश्न निदान तीन ठिकाणी विचारला की तुलना आपोआप होते. दागिना घेताना दिलेली घडणावळ मोडीत परत येत नाही, ती मनातून काढून टाका.

संध्याकाळपर्यंतची मुदत मनावर घेऊ नका. सोन्याचा भाव रोज हलतो हे खरं, पण घाईत चुकीच्या कसावर जेवढं जातं, तेवढं एका दिवसाच्या चढउतारात सहसा जात नाही. ओळखपत्र मागितलं तर दाखवा आणि वजन, कस, दर वेगवेगळे लिहिलेली पावती घ्या.

तुमच्या तीन अंगठ्यांपैकी लाल खड्याची, ठसा नसलेली जी आजीची आहे, ती या पुड्यांत घालूच नका. मोडीच्या हिशेबात खड्याचं वजन वजा होतं आणि किंमत बहुतेक शून्य धरतात. आधी ती रत्नपारख्याला दाखवा. खडा काचेचा निघाला तर तो काढून परत घ्या आणि नुसता धातू तोलायला द्या. माणिक निघालं, तर ती अंगठी दागिना म्हणूनच विकायची, सोनं म्हणून नव्हे.

साखळीचं आणि बाकीच्या दोन साध्या अंगठ्यांचं कोरडं वजन आणि पाण्यात वाढलेला आकडा कळवा, कस काढायला मी मदत करते. कड्याचं मात्र करू नका, ते पोकळ आहे, आकडा चुकीचाच येईल.