बाबांनी जुनी पद्मिनी आणली

"मॅडम, माझ्या बाबांना मिडलाइफ क्रायसिस झालाय का?" फोंड्याहून माझ्याकडे समुपदेशनाला आलेल्या तेवीस वर्षांच्या मुलीने खुर्चीत टेकायच्या आत विचारलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) बाबा त्रेपन्न वर्षांचे, सरकारी नोकरीत. दारात चालती गाडी असताना त्यांनी १९८४ ची प्रीमियर पद्मिनी आणली. मुदत ठेव मोडून, आईला न सांगता. आता रोज संध्याकाळी गॅरेजमध्ये. आईला भलताच संशय येतोय.

अशी काळजी घेऊन बरेच जण येतात. कुणाच्या वडिलांनी बुलेट घेतलेली असते, कुणी पन्नाशीत गिटारचा क्लास लावलेला असतो. मनोविश्लेषक एलियट जॅक्स यांनी १९६५ च्या लेखात 'मिडलाइफ क्रायसिस', म्हणजे मध्यमवयातली घालमेल, हा शब्द वापरला तेव्हा त्यांच्यासमोर पस्तिशीच्या आसपासचे कलावंत आणि मरणाची जाणीव होती. गाड्याबिड्या त्याला नंतर चिकटल्या.

आधी मी तिला कोरडे प्रश्न विचारले. झोप? व्यवस्थित. एकामागून एक खरेदी? नाही. भरभर बोलणं, उधारी, एकाएकी पालटलेला स्वभाव? तेही नाही. यातलं काही असतं तर आधी बांबोळीला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. छंद आणि उन्मादाचा आजार बाहेरून सारखेच दिसू शकतात.

बाबा आले ते नखांत ग्रीस घेऊनच. "का घेतली?" हे मी मुद्दाम विचारलं नाही, घरी ते रोज विचारलं जात होतंच. "गॅरेजमध्ये काय करता?" म्हटलं, आणि गृहस्थ सुटले. स्टिअरिंगला लागून असलेला गिअर, सकाळी थंड इंजिनाला द्यावा लागणारा चोक, तो जास्त ओढला की ओले होणारे प्लग, खाऱ्या हवेने खाल्लेला पायाखालचा पत्रा आणि त्या भोकातून दिसणारा रस्ता. वीस मिनिटं झाली. मग जरा लाजून म्हणाले, "मिस्त्री माझ्या मुलीपेक्षा थोडा मोठा असेल. मला ओरडतो, पात्रांव (मालक), पाना उलटा धरलाय! बरं वाटतं हो."

ते 'बरं वाटतं' मी धरून ठेवलं. ऑफिसात सह्या यांच्या, देवस्थानच्या कमिटीचा हिशेब यांच्याकडे, म्हाताऱ्या आईची औषधं हेच आणणार. दिवसभर जो तो यांनाच विचारतो. आपल्याला येत नाही, असं म्हणायची सोय फक्त त्या गॅरेजमध्ये होती.

पण ठेवीचं काय? तिसऱ्या बैठकीला आई आल्या. "गाडीचं राहू दे. मला बँकेच्या मेसेजवरून कळलं," एवढंच बोलल्या. बाबांना उत्तर सुचेना, आणि मीही मदतीला धावले नाही.

"सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस," शेवटी ते पुटपुटले.

"म्हणालेच असते!"

त्यानंतर खरं भांडण झालं, जे त्यांच्या घरात कित्येक महिने व्हायचं राहिलं होतं. त्यातून आकडा निघाला: गाडीवर महिन्याला चार हजार, वर लागले तर आधी आईला सांगायचं. आजीची औषधं मुलीने आपल्याकडे घेतली.

जूनमध्ये तिचा मेसेज आला. फर्मागुडीच्या चढावर भर पावसात पद्मिनी बंद पडली. बाबा बोनेटमध्ये वाकलेले, आई छत्री धरून उभी. "आई विचारत होती, हे चार हजारांत बसतं की वेगळं?"