बनियन कोरडा, म्हणजे घाम नाही?

मे महिन्यात सेमिनरी हिल्सवर पहाटे धावतो. बनियन कोरडाच राहतो, जुलैत मात्र चिंब होतो. उन्हाळ्यात घाम कमी जातो का?

नाही, आणि हा समज मला फार काळजीचा वाटतो. मे महिन्यात नागपूरची हवा इतकी कोरडी असते की घाम आला तसा उडून जातो. टोपीच्या कडेला मिठाची पांढरी रेघ दिसते का, ते बघा. जुलैत हवा दमट असल्यामुळे घाम उडत नाही, नुसता ओघळतो. उडालेला घामच अंग गार करतो. म्हणूनच पावसाळ्यात पारा उतरूनही जीव घाबरा होतो.

मग नेमकं किती पाणी प्यावं? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

सगळ्यांना लागू पडेल असा आकडा नाही. तासाभरात कुणाचा अर्धा लिटर घाम जातो, कुणाचा दोन लिटर. म्हणून स्वतःचं माप स्वतः काढा. लघवी करून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. तासभर धावा. घाम पुसून पुन्हा वजन करा. आधी ६४ किलो, नंतर ६३.१ आणि वाटेत ३०० मिली पाणी प्यायलात, तर घाम गेला साधारण १.२ लिटर. हीच मोजणी मे, जुलै आणि डिसेंबरात करा. तिन्ही आकडे वेगळे येतील.

गेलेलं सगळं पाणी धावतानाच भरून काढायची गरज नाही. घट वजनाच्या दोन टक्क्यांच्या आत ठेवा, बाकीचं पुढच्या काही तासांत जेवणखाणासोबत भरून निघतं. छोट्या धावेला तहान लागेल तसं प्यालं तरी पुरतं.

लांब धावेत दर थांब्यावर भरपूर पाणी प्यायलो. शेवटी डोकं दुखलं, मळमळलं, अंगठी बोटात रुतली. एवढं पाणी पिऊनही असं का?

एवढं पाणी प्यायल्यामुळेच झालं असावं. गरजेपेक्षा जास्त पाणी गेलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं. याला हायपोनेट्रेमिया म्हणतात. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांत तो आढळला. धावून आल्यावर वजन वाढलेलं दिसलं, तर पाणी जास्त झालं असं समजा. इलेक्ट्रोलाइटचं पेयही बेसुमार प्यायलं तर हाच धोका असतो. उलट्या किंवा भ्रम सुरू झाला तर थेट दवाखाना गाठा, आणि किती पाणी प्यायलात ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आई निघताना खिशात कांदा ठेवते आणि परतल्यावर पन्हं देते. उपयोग होतो?

कांद्यानं शरीराचं तापमान उतरत नाही. पन्हं मात्र जरूर घ्या. मीठ घातलेला मठ्ठाही उत्तम. ओआरएस घेणार असाल तर पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात पूर्ण पाकीट विरघळवा.

सोबतचा धावपटू अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला तर?

उष्माघात समजा आणि एक मिनिटही घालवू नका. १०८ ला फोन करा, पण गाडीची वाट बघत बसू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, असेल तेवढं थंड पाणी अंगभर ओता, वारा घाला. बर्फ मिळाला तर मान, काखा आणि जांघेत ठेवा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका, श्वासनलिकेत जाऊ शकतं.