मंगळवेढा तालुक्यातल्या आमच्या गावात दाताचे डॉक्टर नाहीत. मोफत दंत शिबिर घ्यायचंय, ते खरंच उपयोगी कसं होईल?

नुसती तपासणी करून टूथपेस्ट वाटणार असाल तर नका घेऊ. दाढ किडलीय हे ज्याचं त्याला माहीत असतं. अडतं ते पुढे: एसटी, बुडालेला रोज आणि ‘परत या’.

म्हणून आधी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात दाताचे डॉक्टर कोणत्या वारी असतात ते विचारा आणि शिबिरानंतरच्या आठवड्यातला एक वार तुमच्या दहा-बारा रुग्णांसाठी मागून घ्या. तो मिळाला की मगच शिबिराची तारीख. आषाढी उरकल्यावर ते सप्टेंबरपर्यंतचा काळ बरा, नंतर माणसं ऊसतोडीला जातात.

झेडपी शाळेत काय जमतं? छोटी कीड हातातल्या हत्यारांनी खरवडून ग्लास आयोनोमर सिमेंट भरणं. याला ड्रिल, कॉम्प्रेसर, वीज काही लागत नाही. टेबलावर सतरंजी, डॉक्टरांच्या डोक्याला बॅटरी आणि कापसाचे रोल भरपूर. थुंकी लागली की सिमेंट टिकत नाही, त्यामुळे रोलमध्ये काटकसर नको. एप्रिल-मेच्या उन्हात ते मिसळतानाच घट्ट होऊ लागतं, हेही शिबिर पावसाळ्यात घेण्याचं एक कारण. भरल्यावर वर व्हॅसलिन, आणि तासभर काही खायचं नाही. रात्री ठणकणारी किंवा सुजलेली दाढ मात्र अशी बुजवू नये, आत पू कोंडतो.

दुधाच्या दातांना 38 टक्के सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड हे औषध लावता येतं. कीड बहुधा थांबते, पण ती जागा कायमची काळी पडते. हे पालकांना आधी सांगून सही घ्या, नाहीतर दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांसमोर भांडण ठरलेलं.

दात काढणं शाळेत नकोच, असं माझं मत. हत्यारं उकळून भागत नाही. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेनं जंतू मारणाऱ्या यंत्रात, 121 अंशावर, 15 पौंड दाबाखाली, कापडात गुंडाळलेली असतील तर 30 मिनिटं लागतात. म्हणजे जेवढे संच तेवढेच रुग्ण.

मिश्री, मावा, गुटखा खाणाऱ्यांची वेगळी यादी करा. दोन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा-लाल चट्टा, किंवा तोंडात तीन बोटं उभी न जाणं, यातलं काही दिसलं तर दाढदुखीवाल्यांच्याही आधी त्यांना सोलापूरला पाठवा, सोबत माणूस देऊन.

दवंडीत एवढं नक्की सांगा: जेवून या. रक्ततपासणी समजून लोक उपाशी येतात आणि खुर्चीत चक्कर येते. बीपी-शुगरच्या गोळ्या नेहमीसारख्या घ्या, पाकीट सोबत आणा, आणि रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नका.